तोंड न लावलेली वाइन

"ज्यांनी ज्यांनी काल कच्ची ऑयस्टर्स खाल्ली, त्यांनी हात वर करा," हेदर इंग्रजीत म्हणाली आणि मी ते मराठीत सांगितलं.

आम्ही बीचच्या पार्किंग लॉटमध्ये उभे होतो. म्हणजे ज्यांना उभं राहता येत होतं ते उभे होते. माझ्या ग्रुपमधले पाच जण व्हॅनच्या सावलीत घडीच्या खुर्च्यांवर, मांडीवर कागदी पिशव्या घेऊन बसले होते. अर्ध्या तासात पाचही जणांना उलट्या सुरू झाल्या होत्या. मी ॲम्ब्युलन्स बोलावली. त्या लोकांनी सगळ्यांचं बीपी बघितलं, धोका नाही म्हणाले, पण एकाच ग्रुपमधले इतके जण एकदम आजारी पडले की इथे टाउनच्या हेल्थ डिपार्टमेंटला कळवावंच लागतं. हेदर तिथली इन्स्पेक्टर. बिचारी रविवारी घरून उठून आली होती.

आजारी पाचांपैकी चौघांनी हात वर केले. मोरे काका ठणठणीत होते, त्यांनी दोन्ही हात वर केले. "एक हात पुरायचा नाही," ते म्हणाले, "मी सगळ्यांत जास्त खाल्ली."

हेदरनं वळून मॅनीकडे पाहिलं. मॅनी त्याच्या पिकअप ट्रकला टेकून उभा होता. ऑयस्टर्स त्याची होती. पुढच्याच खाडीत त्याची ऑयस्टरची शेती आहे. हेदरचा फोन गेल्यावर तो स्वतःहून आला होता, कालच्या पोत्यांवरचे टॅग आणि उरलेला माल घेऊन. इथे ऑयस्टरच्या प्रत्येक पोत्याला टॅग असतो. कुठल्या पाण्यातून, कधी काढली, सगळं त्यावर लिहिलेलं.

"मॅनी, कालचा माल बाजूला ठेव," हेदर म्हणाली. "आणि मला स्टेटला फोन करावा लागणार. तुला माहितीय त्याचा अर्थ."

मॅनीनं मान हलवली. अर्थ मलाही त्यानं आदल्याच दिवशी सांगितला होता. कच्ची ऑयस्टर्स खाऊन लोक आजारी पडले असं राज्याच्या खात्याला वाटलं, तर खाडीचा तो पट्टाच बंद करतात. आधी बंद, मग तपास. गेल्या उन्हाळ्यात फार पाऊस झाला म्हणून त्याची शेती बराच काळ बंद राहिली होती. हा सीझन गेला तर खाडीची लीज सोडून देईन, असं तो काल कॉर्न भाजता भाजता अगदी सहज बोलून गेला होता. शिवाय आजारामुळे एकदा नाव खराब झालं की रेस्टॉरंटवाले परत येत नाहीत, ते वेगळंच.

आता मी कोण ते सांगते. माझं नाव मंजिरी. मूळची ठाण्याची, आता मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत. बरीच वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. मग कंपनीनं आमची टीमच काढून टाकली, आणि दुसरा जॉब शोधायचा मला मनापासून कंटाळा आला. आमच्या भागात उन्हाळ्यात सगळ्यांचे आईवडील येतात. मुलं कामावर, नातवंडं कॅम्पला, आणि म्हातारी माणसं खिडकीतून लॉनकडे बघत बसलेली. मी एक व्हॅन घेतली आणि त्यांच्यासाठी वीकेंड टूर्स सुरू केल्या. ड्राइव्ह मीच करते, बोलतेही मीच. नायगारा आणि न्यूयॉर्क मी करत नाही. ते सगळे करतात. मला स्वतःला जे बघायचं असतं तिथे मी लोकांना नेते, असा माझा सरळ धंदा आहे.

त्या वेळी मला कुतूहल होतं वाइनचं. मॅसॅच्युसेट्समध्ये द्राक्षं होतात हेच मला उशिरा कळलं. इतक्या थंडीत? पण दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर समुद्रामुळे थंडी जरा सौम्य असते, तिथे छोट्या छोट्या वायनरीज आहेत. एका बाजूला द्राक्षांचे मांडव, दुसऱ्या बाजूला वाळू, आणि मधल्या खाड्यांत ऑयस्टर्स. दोन दिवसांची टूर आखली. शनिवारी वायनरी आणि ऑयस्टरची शेती, तिथेच एका इनमध्ये मुक्काम, रविवारी बीच आणि परत. जाहिरातीत 'वाइन' शब्द टाकावा की नाही यावर मी खूप विचार केला. शेवटी 'द्राक्षबागा' लिहिलं. दोन दिवसांत व्हॅन भरली.

शनिवारी सकाळी वायनरीत लिंडा नावाच्या बाईनं आम्हाला आधी बागेत फिरवलं. मी तिला प्रश्न विचारून विचारून छळलं. इथली व्हाइट वाइन आंबट का? तर समुद्राचा गार वारा. द्राक्ष सावकाश पिकतं, त्यातला आंबटपणा मरत नाही. मग आंबट वाइन कोण पितं? तर ऑयस्टर खाणारे. आपण माशावर लिंबू पिळतो, तसं हे लोक आंबट वाइनचा घोट घेतात. हे ऐकून मोरे काका म्हणाले, "मग लिंबूच घ्यावं की सरळ." मोरे काका देवगडचे. बंदरावरच्या कस्टम्स ऑफिसातून रिटायर झालेले. मासे हा त्यांचा जीव की प्राण, आणि दारूला आयुष्यात शिवलेले नाहीत.

नंतर टेस्टिंग. टेस्टिंग म्हणजे प्रत्येकापुढे छोटे छोटे ग्लास ओळीत मांडतात, प्रत्येकात दोन घोट. त्याला फ्लाइट म्हणतात. काउंटरवर एक बादलीसारखं भांडंही असतं. आवडली नाही की उरलेली त्यात ओतायची. जाणकार लोक तर तोंडात घोळवून चक्क थुंकतात.

हे सबनीस काकांना अजिबात पटलं नाही. सबनीस काका पुण्याचे, इरिगेशन खात्यातले रिटायर्ड इंजिनिअर. व्यवस्थित माणूस. पँटची इस्त्री मोडू देत नाहीत, आणि खांद्याला कायम तांब्याची बाटली. रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी सकाळी प्यायचं, या विषयावर ते व्हॅनमध्ये श्रूजबरी सुटायच्या आत बोलायला लागले होते.

"मंजिरी, ही बाई चांगली वाइन बादलीत ओततेय," ते म्हणाले.

"काका, तशीच पद्धत आहे. आपण तिकीट काढलंय म्हणून तिनं सगळ्यांचे ग्लास भरले. आपल्यातले निम्मे पीत नाहीत."

"तेच सांगतोय. तोंड न लावलेले ग्लास आहेत. उष्टं असतं तर एक वेळ समजलो असतो."

"जाऊ दे ना काका."

"जाऊ दे काय? द्राक्षं कुणीतरी पिकवलीत ना?"

मला तेवढ्यात लिंडानं पिंप बघायला बोलावलं आणि मी गेले. परत आले तेव्हा काउंटर स्वच्छ होता आणि काका शांत होते. मला वाटलं पटलं त्यांना. शालिनी काकू खिडकीशी बसून समुद्र बघत होत्या. शालिनी काकू नागपूरच्या, शाळेच्या हेडमिस्ट्रेस होत्या, वय सत्तरीच्या पुढे, शुद्ध शाकाहारी. टूरमध्ये आल्या त्या निव्वळ मुलीच्या आग्रहाखातर, असं त्या सगळ्यांना सांगत होत्या.

दुपारनंतर मॅनीकडे. ओहोटीची वेळ त्यानंच मला आधी कळवली होती. पाणी मागे गेलं की गुडघाभर पाण्यात जाळीच्या पेट्या दिसायला लागतात, त्यात ऑयस्टर्स वाढत असतात. मॅनीच्या आजोबांनी पोर्तुगालहून येऊन मासेमारी केली, बापानं केली, आणि यानं मासे कमी झाले तशी ही शेती धरली. मोरे काका पँट दुमडून त्याच्या मागोमाग पाण्यात शिरले.

"अगं, ही तर कालवं," ते म्हणाले. "आमच्याकडे खडकाला चिकटलेली असतात. बायका कोयतीनं फोडून काढतात."

"कच्ची खाता?"

"कच्ची कोण खातो? सुकं करायचं, कोकम घालून."

मॅनीनं सुरीनं एक उघडून पुढे केलं. काकांनी देवाचं नाव घेतलं आणि गिळलं. मग लगेच दुसऱ्यासाठी हात पुढे केला. मॅनीनं खाडीच्या दोन्ही टोकांची ऑयस्टर्स शेजारी शेजारी ठेवून आम्हाला खायला लावली. एक जास्त खारट, दुसरं जरा गोडसर. पाणी बदललं की चव बदलते, म्हणाला. मी पहिल्यांदाच खाल्ली आणि मला ती फार आवडली. शालिनी काकूंसाठी त्यानं वेगळ्या शेगडीवर कॉर्न भाजलं, चिमटासुद्धा वेगळा घेतला. मी सांगितलं नव्हतं. काकूंचं त्याच्याकडे बराच वेळ लक्ष होतं. नंतर मला म्हणाल्या, "मुलगा मोठा समजदार आहे."

रविवारी सकाळी नाश्ता करून बीचवर. मी काही जणांना घेऊन खडकांकडे गेले, तिथे खळग्यांमध्ये छोटे खेकडे आणि शंख दिसतात. मोरे काका एकटेच पाण्याच्या कडेनं लांब निघून गेले. बाकीचे पाच जण सबनीस काकांनी लावलेल्या छत्रीखाली बसून राहिले. आम्ही परत आलो तेव्हा छत्रीखाली गोंधळ सुरू झाला होता.

तर पार्किंग लॉट. हेदरनं प्रत्येकाला काय झालं ते विचारलं. मळमळ, उलट्या, पोटात कळा. ताप कुणालाच नाही.

"उन्हाळ्यात समुद्राचं पाणी कोमट होतं," तिनं मला समजावलं. "त्यात एक जंतू वाढतो. ऑयस्टर हे पाणी गाळून जगतं, त्यामुळे तो त्याच्यात साठतो. कच्चं खाल्लं की काही तासांनी, कधी एका दिवसानं त्रास होतो. काल संध्याकाळी खाल्ली, आज दुपारी आजारी. बसतंय."

"मग मोरे काका? सगळ्यांत जास्त त्यांनी खाल्ली."

"काही पोटं दणकट असतात."

"आणि शालिनी काकू? त्यांनी ऑयस्टरला हातही लावला नाही. त्या सगळ्यांत जास्त आजारी आहेत."

मॅनीनं मान वर केली.

"कॉर्नवर लिंबू पिळलं का त्यांनी?" हेदरनं विचारलं. "लिंबं कुठे होती?"

"ऑयस्टरच्या ट्रेवर," मॅनी म्हणाला. तो खोटं बोलला असता तर मी त्याला काही म्हटलं नसतं, पण तो खोटं बोलला नाही.

"मग तेही बसतं," हेदर म्हणाली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. सबनीस काकांचा मुलगा ओंकार. "मंजिरी, बाबांना काय खायला घातलंस तू? कच्चे शिंपले? सीरियसली?" मी म्हटलं, बाबा ठीक आहेत, तपास चालू आहे. तो म्हणाला, "कसला तपास? मी त्या ऑयस्टरवाल्याच्या पेजवर ऑलरेडी रिव्ह्यू टाकलाय." मी फोन ठेवला. माझं डोकं सटकलं होतं, पण पाच माणसं ओकत असताना सहाव्याशी भांडायला वेळ नव्हता.

यार, खरं सांगते, माझं मन मानत नव्हतं. टेस्टिंगमध्ये आम्ही एकच गोष्ट शिकतो. जिथे बिघडलं तिथे काय होतं, एवढंच बघायचं नाही. जिथे बिघडलं नाही तिथे काय नव्हतं, तेही बघायचं. ऑयस्टर्स मी खाल्ली, मोरेंनी खाल्ली, खडकांकडे आलेल्यांनी खाल्ली. आम्ही सगळे धडधाकट. वाइन बऱ्याच जणांनी चाखली, तेही धडधाकट. इनमधला नाश्ता सगळ्यांनी केला. आजारी पडलेल्या पाच जणांत एकच गोष्ट सारखी होती. ते छत्रीखाली होते.

"हेदर, मला जरा विचारू दे," मी म्हटलं, आणि मराठीत सगळ्यांना विचारलं, "छत्रीखाली काय खाल्लंत?"

"चिवडा," सबनीस काका म्हणाले.

"चिवडा आम्ही पण नेला होता. आणखी?"

"आणखी काही नाही. पाणी."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी पाणी," काका म्हणाले. बाकीच्यांनीही एकेक करून तेच सांगितलं. पाणी. फक्त पाणी. शालिनी काकूंनी डोळे मिटून मान हलवली. मी हेदरला भाषांतर करून सांगितलं, तिनं खांदे उडवले आणि स्टेटला फोन लावायला गाडीकडे निघाली.

मी शालिनी काकूंना तोंड धुवायला रेस्टरूमकडे नेलं. त्यांना धड चालवत नव्हतं, माझ्या हाताला धरून आल्या. चूळ भरली, पुन्हा भरली.

"चव जातच नाही बाई तोंडातून," त्या म्हणाल्या.

"कसली चव?"

"जुनं नाणं चोखल्यावाणी. लहानपणी चोखायचो ना."

"काकू, पाणी कुणाचं प्यायलात?"

"सबनीसांचं. त्यांची ती बाटली."

"त्यात पाणीच होतं?"

काकूंनी नळ पुन्हा सुरू केला. हात धुतलेलेच होते, ते पुन्हा धुवायला लागल्या.

"काकू, तो मॅनी बाहेर उभा आहे. त्याची शेती बंद व्हायची वेळ आलीय."

"ऋचाला सांगशील तू?" ऋचा त्यांची मुलगी, माझी मैत्रीण.

"नाही सांगणार."

"वाइन होती," काकू म्हणाल्या. "कालची. लोकांनी न घेतलेले ग्लास त्यांनी बाटलीत भरून घेतले होते. छत्रीखाली म्हणाले, फेकण्यापेक्षा घेऊ या सगळ्यांनी घोट घोट. वरूनच प्यायलो, तोंड कुणी लावलं नाही. मी म्हटलं, आयुष्यभर दुसऱ्यांना शिस्त लावली, आता कुणाला काय दाखवायचंय? आंबटढाण होती. कशीतरीच. पण सगळे पीत होते, तर मीही जास्तच घेतली."

"काल सकाळपासून बाटलीत होती?"

"हो ना. रात्रभर." एवढं बोलून काकू थबकल्या. नळ वाहत होता. आरशातून त्या माझ्याकडे बघत होत्या. "मंजिरी. तांब्याची बाटली आहे ती."

तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट ठेवायचं नाही, हे माझ्या आजीच्या काळात घरातल्या पोरासोरांना ठाऊक होतं. कल्हई नसली तर ताक नाही, चिंच नाही, आमसूल नाही. कळकतं. आंबटामुळे तांबं सुटतं आणि त्या पदार्थात उतरतं, मग हिरवट रंग, मळमळ, उलट्या. सबनीस काकांच्या घरी ताक त्या बाटलीत कुणी भरू दिलं नसतं. पण वाइन ही त्यांच्या लेखी दारू. दारू आंबट असते असं कुणी कधी आपल्याला शिकवलंय का? आणि ही तर मुद्दाम आंबट ठेवलेली.

मी बाहेर पळत आले. "काका, बाटली बघू जरा."

सबनीस काकांनी बाटली मांडीखाली सरकवली. "कशाला?"

"त्यात वाइन होती ना?"

"पाणी होतं."

"काका, प्लीज."

"पाणी होतं म्हणतोय ना मी," ते म्हणाले आणि मग अगदी हळू आवाजात, "तिकडे बोर्ड वाचलास का? बीचवर अल्कोहोल आणायला बंदी आहे. मी नंतर वाचला तो. मी व्हिजिटर व्हिसावर आहे. ओंकारचं ग्रीन कार्ड चालू आहे. माझ्यामुळे त्याचं काही अडकलं तर? इथे सगळं कंप्यूटरवर जातं मंजिरी."

मला त्यांचा राग आला होता आणि त्याच वेळी फार वाईटही वाटलं. मुलाच्या घरी पाहुणा म्हणून राहणाऱ्या माणसाची ही धास्ती मी दर उन्हाळ्यात बघते. आपल्यामुळे मुलाला त्रास नको, एवढ्या एका भीतीत सहा महिने काढतात हे लोक.

तिकडे हेदर गाडीशी उभी राहून फोनवर बोलायला लागली होती. मॅनी ट्रकच्या मागच्या फळीवर बसला होता. त्यानं टोपी काढून हातात घेतली होती आणि तो खाडीच्या दिशेनं बघत होता.

तेव्हा शालिनी काकू माझ्या मागून आल्या. भिंतीला धरून, रेलिंगला धरून, स्वतःच्या पायांनी. थेट हेदरसमोर जाऊन उभ्या राहिल्या. हेडमिस्ट्रेसचा आवाज होता तो, सगळ्यांना ऐकू गेला.

"मॅडम, आय डिड नॉट ईट हिज ऑयस्टर. आय ड्रँक वाइन. हिअर, ऑन धिस बीच. फ्रॉम कॉपर बॉटल. ऑल फाइव्ह ऑफ अस ड्रँक."

हेदरनं फोनवरच्या माणसाला होल्ड करायला सांगितलं.

काकू वळल्या. "सबनीस, बाटली द्या त्यांना. त्या पोराचं घर बुडवू नका."

काकांनी बाटली दिली. तळाशी थोडी उरली होती. हेदरनं ती पांढऱ्या कागदी कपात ओतली. काल वायनरीत तीच वाइन फिकट पिवळसर, नितळ होती. कपात होतं ते निळसर हिरवं, गढूळ. हेदरनं वास घेतला आणि कप लांब धरला.

"किती वेळ होती यात?"

"काल सकाळपासून," मी म्हटलं. "आणि बाटली काका रोज आतून लिंबानं घासतात. ते काल व्हॅनमध्ये सगळ्यांना सांगत होते."

"फ्रेश मेटल. घासून वरचा थर गेला की तांबं आणखी सुटतं," हेदर म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर कुतूहल दिसलं. "धातूनं होतं असं. ताप येत नाही, उलट्या लगेच. मी पुस्तकात वाचलंय, पाहिलं कधी नव्हतं." तिनं पॉयझन कंट्रोलला, म्हणजे विषबाधेच्या हेल्पलाइनला, फोन लावून मला दिला. ते म्हणाले, उलटीतून बरंचसं गेलेलं असणार, पाणी पाजा, दूध पाजा, लक्ष ठेवा, रात्रीपर्यंत बरं वाटलं नाही तर हॉस्पिटल. मग तिनं स्टेटवाल्या माणसाला पुन्हा लाइनवर घेतलं आणि सांगितलं की खाडी बंद करायची ती शिफारस करत नाही. कालची पोती लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत बाजूला राहतील. बाकी चालू.

मॅनीनं टोपी डोक्यावर घातली. ट्रकमधला कूलर उघडून थंड पाण्याच्या बाटल्या काढल्या आणि आधी शालिनी काकूंना दिली, मग सबनीस काकांना.

सबनीस काकांनी मला हळूच विचारायला लावलं, बीचवरच्या अल्कोहोलचं काय. हेदर म्हणाली, "मी हेल्थची आहे, पोलीस नाही. मी लिहिणार कॉपर. त्यांना सांग, त्या बाटलीत यापुढे पाणीच." मी ते भाषांतर करून सांगितलं. काका मान खाली घालून म्हणाले, "मला वाटलं, वाया जाण्यापेक्षा." मग त्यांनी माझ्याच फोनवरून ओंकारला फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा, असं तो मला नंतर म्हणाला, मुलाला ओरडून सांगितलं की तो रिव्ह्यू आत्ताच्या आत्ता काढ, चूक माझी आहे.

संध्याकाळी सगळ्यांना घरी सोडलं. वाटेत कुणी फारसं बोललं नाही, मोरे काका सोडून. त्यांना कालवांचं सुकं इथे कोकम न घालता जमेल का, याची चिंता पडली होती. शालिनी काकूंच्या दारात ऋचा वाट बघत उभी होती. मी कबूल केल्याप्रमाणे एक शब्द बोलले नव्हते, पण ओंकारकडून बातमी व्हॉट्सॲपवर पसरून कधीच श्रूजबरीभर झाली होती.

"आई, तू वाइन प्यायलीस?"

"दोनदा," काकू पायऱ्या चढत म्हणाल्या. "काल ग्लासातून घेतली, ती चांगली होती."

आठवड्यानं लॅबचा रिपोर्ट आला. ऑयस्टर्स स्वच्छ होती. हेदरनं तपासायला पाठवलेल्या वाइनमध्ये तांबं होतं, पिण्याच्या पाण्यात चालतं त्याच्या कितीतरी पट. पाचही जण दुसऱ्या दिवशीच हिंडायफिरायला लागले होते. मॅनीचा सीझन झाला, त्यानंतरचाही झाला, आणि मी अजून त्याच्याकडे ग्रुप नेते.

आता व्हॅन सुटताना मी एक सूचना देते की धातूच्या बाटलीत पाण्याशिवाय काही भरायचं नाही. लोक हसतात, मी कारण सांगत नाही. दुसरी गोष्ट मी स्वतःपुरती शिकले. कुणी आजारी पडलं तर मी आता प्रत्येकाला बाजूला नेऊन, एकेकट्यालाच विचारते. चारचौघांत विचारलं, की सगळे फक्त पाणीच प्यायलेले असतात.